सभागृहाच्या वेळेचा विश्वस्त : दादासाहेब मावळणकर

संसदेचा दिवस कसा सुरू व्हावा, कोणत्या विषयाला किती तास मिळावेत, विरोधी सदस्यांच्या वाट्याला काय यावे, या प्रश्नांना स्वतंत्र भारतात पहिले उत्तर देणारा माणूस मूळचा कोकणातला होता. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर यांच्या जीवनकार्याचा हा आढावा.

अधिवेशन जवळ आले की वृत्तपत्रात एक छोटी बातमी ठरलेली असते. कामकाज सल्लागार समितीची बैठक झाली, अधिवेशन इतके दिवस चालणार, अमुक विधेयकावर इतके तास चर्चा होणार. मुंबईच्या विधान भवनातली बैठक असो, नागपूरचे हिवाळी अधिवेशन असो किंवा दिल्लीची संसद असो, बातमीचा साचा बदलत नाही. वाचक सहसा त्यावरून नजर फिरवून पुढे जातो. सभागृहातील गोंधळ, घोषणा, सभात्याग यांच्यापुढे वेळापत्रकाची बातमी नीरस वाटणे स्वाभाविकच आहे.

परंतु लोकशाहीत कोणता विषय चर्चेला येतो आणि कोणता राहून जातो, याचा निकाल पुष्कळदा या वेळापत्रकातच लागलेला असतो. ज्या प्रश्नाला कार्यक्रमपत्रिकेत जागा मिळत नाही, त्यावर कितीही पोटतिडकीने बोलायचे असले तरी सदस्याला गप्प बसावे लागते. ही जागा कोणी द्यायची? सरकारने, सभापतींनी की सर्वांनी मिळून? लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळणकर यांच्या संसदीय जीवनाचा मोठा भाग या एका प्रश्नाभोवती गेला. त्यांनी दिलेल्या उत्तराचा अर्धा भाग आजही संसदेत टिकून आहे. उरलेला अर्धा भाग त्यांच्या हयातीतच कागदावर राहिला.

कोकणातून अहमदाबादला

मावळणकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंगे गावचे. आडनावही त्या गावावरूनच आले. गणेशाचा जन्म मात्र २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्याला झाला. राजापूर आणि मुंबई इलाख्यातील इतर ठिकाणी प्राथमिक शिक्षण घेतल्यानंतर १९०२ मध्ये ते अहमदाबादला आले आणि ते शहर त्यांनी कायमचे आपले केले. गुजरात महाविद्यालयातून १९०८ मध्ये विज्ञान विषय घेऊन ते पदवीधर झाले. १९१२ मध्ये मुंबईत कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि पुढच्या वर्षी अहमदाबादेत त्यांनी वकिली सुरू केली.

त्याच सुमारास विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले वल्लभभाई पटेलही अहमदाबादच्या न्यायालयात उभे राहू लागले होते. दोघांची बैठक गुजरात क्लबमध्ये जमत असे. दक्षिण आफ्रिकेतून परतलेले गांधीजी एकदा क्लबमध्ये भाषण देण्यास आले, तेव्हा वल्लभभाई ब्रिजच्या डावात रमलेले होते. मावळणकर भाषण ऐकायला उठले, तेव्हा हा गृहस्थ फार तर गव्हातले खडे निवडता येतात का, एवढेच विचारील, असे म्हणून वल्लभभाईंनी त्यांची थट्टा केली. पुढे काय घडले हे सर्वश्रुत आहे. ब्रिजचा डाव मोडला आणि दोघेही मित्र गांधीजींच्या कार्यात ओढले गेले.

१९१६ मध्ये मावळणकर गुजरात सभेचे चिटणीस झाले. खेडा सत्याग्रहाच्या काळात याच सभेमार्फत शेतकऱ्यांच्या साऱ्याचा प्रश्न सरकारपुढे मांडला गेला. अर्ज, आकडेवारी, पत्रव्यवहार, बैठकीचे इतिवृत्त ही कामे चिटणीसाच्या वाट्याला येत. असहकार चळवळीत ते गुजरात प्रांतिक काँग्रेस समितीचे चिटणीस होते. त्यानंतरच्या वर्षांत काही काळ ते स्वराज्य पक्षाकडे वळले. मिठाच्या सत्याग्रहापासून पुन्हा गांधीजींच्या मार्गावर आले. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी सुमारे सहा वर्षे तुरुंगात काढली. तेथे गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांशी त्यांनी जिव्हाळ्याचे नाते जोडले. त्या अनुभवांवरचे त्यांचे ‘मानवतानां झरणां’ हे गुजराती पुस्तक प्रसिद्ध आहे.

पालिकेतील शाळा

मावळणकरांच्या संसदीय शिस्तीचे मूळ शोधायचे तर अहमदाबाद नगरपालिकेकडे जावे लागते. १९१९ मध्ये ते पालिकेवर निवडून आले आणि मधले खंड सोडता १९३७ पर्यंत तिच्याशी निगडित राहिले. १९३० ते १९३३ आणि पुन्हा १९३५-३६ मध्ये ते नगराध्यक्ष होते. पाणी, गटारे, रस्ते, शाळा हे विषय घेऊन बसलेल्या सभासदांना ठरलेल्या वेळेत निर्णयापर्यंत आणणे, ही अध्यक्षाची खरी कसोटी. एकाला बोलू दिले आणि दुसऱ्याला थांबवले की पक्षपाताचा आरोप होतो. सर्वांनाच बोलू दिले की निर्णय लांबतो. पुढे दिल्लीत हाच पेच मोठ्या प्रमाणावर त्यांच्यापुढे येणार होता.

१९३५ च्या कायद्यान्वये प्रांतांना मर्यादित स्वायत्तता मिळाली आणि १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या सभापतिपदी मावळणकरांची निवड झाली. बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर होते. समोरच्या बाकांवर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासारखे विधिज्ञ होते. मराठी, गुजराती, कानडी असे भिन्न भाषक सदस्य या सभागृहात एकत्र बसत. १९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकावर येथे तीव्र मतभेद झाले. सरकारला विधेयक लवकर संमत करून हवे आणि विरोधकांना त्यातील प्रत्येक कलमावर बोलायचे आहे, या ओढाताणीत सभापतींची जागा कोणती, याचा अनुभव मावळणकरांनी मुंबई-पुण्याच्या या सभागृहात घेतला.

तीन मतांचा विजय

२४ जानेवारी १९४६ रोजी दिल्लीत मध्यवर्ती विधानसभेच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. काँग्रेसचे उमेदवार मावळणकर होते आणि सरकारी बाजूचा कल सर कावसजी जहांगीर यांच्याकडे होता. मावळणकरांना ६६ आणि सर कावसजींना ६३ मते मिळाली. तीन मतांनी मिळालेला हा विजय मोलाचा होता. सत्तांतराच्या उंबरठ्यावर सभागृहाच्या अध्यक्षस्थानी राष्ट्रीय चळवळीतला माणूस आला.

मात्र त्या सभागृहाचे स्वतःच्या वेळेवर फारसे नियंत्रण नव्हते. बिनसरकारी सदस्यांच्या कामाला किती दिवस द्यायचे हे गव्हर्नर जनरल ठरवीत. प्रश्न विचारता येत, स्थगन प्रस्ताव मांडता येत. पण बहुमताने सरकार पाडता येत नसे. त्यामुळे स्थगन प्रस्ताव हे लोकनियुक्त सदस्यांच्या हातातील प्रमुख शस्त्र बनले होते. सभागृहाचे नेहमीचे काम थांबवून सरकारला उत्तर देण्यास भाग पाडायचे आणि मतदानात त्याचा पराभव करून देशभर त्याची नामुष्की करायची, हा त्यामागचा हेतू असे.

१४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री ती विधानसभा संपुष्टात आली. घटना समितीवर आता दोन जबाबदाऱ्या होत्या. राज्यघटना तयार करायची आणि त्याच वेळी देशाचे दैनंदिन कायदेही करायचे. एकाच सभागृहाने ही दोन कामे कशी विभागावीत, याचा विचार करण्यासाठी २० ऑगस्ट १९४७ रोजी मावळणकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. दोन्ही कामे स्पष्टपणे वेगळी ठेवावीत आणि त्यासाठी वेगवेगळे दिवस असावेत, असा मार्ग निघाला. घटनानिर्मितीच्या वेळी डॉ. राजेंद्र प्रसाद अध्यक्षस्थानी बसत. कायदेमंडळ म्हणून बैठक भरे तेव्हा ते स्थान मावळणकरांचे असे. या कामासाठी १७ नोव्हेंबर १९४७ रोजी त्यांची सभापती म्हणून निवड झाली. स्वतंत्र भारताच्या संसदीय कामकाजाची सुरुवात अशी वेळेच्या विभागणीपासूनच झाली.

सोलापूरचा प्रतिस्पर्धी

२६ जानेवारी १९५० पासून मावळणकर हंगामी संसदेचे सभापती झाले. प्रश्न विचारण्याच्या हक्काचे मोल किती आणि त्याचा गैरवापर किती घातक, हे दाखवणारे एक प्रकरण याच काळात पुढे आले. मुंबईतील सराफ बाजाराच्या संघटनेसाठी संसदेत प्रश्न विचारून आणि शब्द टाकून मोबदला घेतल्याचा ठपका एच. जी. मुद्गल या सदस्यावर आला. १९५१ मध्ये संसदेने चौकशी समिती नेमली आणि हकालपट्टीच्या ठरावावर चर्चा सुरू असतानाच मुद्गल यांनी राजीनामा दिला.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर १५ मे १९५२ रोजी लोकसभेच्या सभापतिपदाची निवडणूक झाली. ती बिनविरोध झाली नाही. विरोधकांनी सोलापूरचे खासदार, शेतकरी कामगार पक्षाचे नेते शंकरराव मोरे यांना उभे केले. अशा रीतीने देशाच्या पहिल्या लोकनियुक्त संसदेच्या सभापतिपदासाठी दोन मराठी माणसे समोरासमोर आली. मावळणकर ३९४ विरुद्ध ५५ मतांनी निवडून आले. निकालाबद्दल कोणालाच शंका नव्हती. मात्र ३९४ विरुद्ध ५५ हे प्रमाण सभागृहाचे खरे चित्र दाखवत होते. एका बाजूला काँग्रेसचे प्रचंड बहुमत होते आणि दुसऱ्या बाजूला लहान लहान गटांत विखुरलेला विरोधी पक्ष. विरोधकांतील सर्वांत मोठ्या कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही २० च्या आतच होते. अशा सभागृहात बहुमताच्या जोरावर सरकारने सगळी वेळ आपल्याकडे घेतली असती, तरी त्याला अडवण्याइतके संख्याबळ कोणाकडेच नव्हते.

वेळेची वाटणी

मावळणकरांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे कामकाज सल्लागार समिती. १४ जुलै १९५२ रोजी लोकसभेत ती प्रथम स्थापन झाली. सभापती स्वतः तिचे अध्यक्ष असतात आणि तिच्या सदस्यांची संख्या १५ पर्यंत असते. सरकारी विधेयकांच्या कोणत्या टप्प्याला किती तास द्यावेत, याची शिफारस ही समिती करते. सत्ताधारी आणि विरोधी गटांचे प्रतिनिधी एका टेबलाभोवती बसतात आणि शक्यतो एकमताने वेळ ठरवतात.

समितीचा अहवाल सभागृहाने स्वीकारला की ते वेळापत्रक सभागृहाचा आदेश बनते. ठरलेली वेळ संपली की सभापती उरलेले सर्व प्रश्न एकापाठोपाठ मताला टाकतात. ठरलेल्या वेळापत्रकात बदल करायचा तर सभागृहाच्या नेत्याने त्यावर सर्वसाधारण सहमती असल्याचे सांगावे लागते. याचा अर्थ असा की, विधेयक लवकर संमत होण्याची हमी सरकारला मिळते आणि बोलण्यासाठी निश्चित तास विरोधकांना मिळतात. चर्चा अचानक गुंडाळली जाण्याची भीती राहत नाही आणि ती अनंतकाळ लांबवण्याची सोयही राहत नाही. ब्रिटिश अमदानीत एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली वेळ आता सभागृहाच्या सामाईक मालकीची झाली.

या एका समितीवर मावळणकर थांबले नाहीत. लोकसभा सचिवालयातील सचिव एम. एन. कौल यांच्या साहाय्याने त्यांनी दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेची बैठक घालून दिली. दिवसाची सुरुवात प्रश्नोत्तराच्या तासाने होते. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्र्याने उभे राहून द्यायचे आणि त्यावर उपप्रश्न घ्यायचे. उत्तराने समाधान झाले नाही आणि विषय महत्त्वाचा असला, तर अर्धा तास चर्चेची वेगळी सोय आहे. १९५३ मध्ये तातडीच्या सार्वजनिक प्रश्नांवर मतदानाविना अल्पकालीन चर्चा करण्याची प्रथा सुरू झाली. १९५४ मध्ये लक्षवेधी सूचनेचा नियम आला. ही लक्षवेधी सूचना परदेशातून उचललेली नाही. ती भारतीय संसदेची स्वतःची देणगी मानली जाते आणि पुढे राज्यांच्या विधिमंडळांतही ती रुळली. महाराष्ट्र विधिमंडळाच्या कामकाजात लक्षवेधीचे स्थान काय आहे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

मंत्री नसलेल्या सदस्यांच्या विधेयकांसाठी १९५३ मध्ये स्वतंत्र समिती नेमली गेली. महत्त्व आणि निकड पाहून ती या विधेयकांची वर्गवारी करते आणि त्यांना वेळ वाटून देते. शुक्रवारचे अखेरचे अडीच तास आजही या कामासाठी राखीव असतात. सय्यद मोहम्मद अहमद काझमी यांचे वक्फविषयक विधेयक हे खासगी सदस्याने मांडलेले आणि १९५४ मध्ये कायद्यात रूपांतर झालेले पहिले विधेयक होय. संसदेच्या कामकाजाच्या प्रामाणिक वृत्तांताला संरक्षण देणारा १९५६ चा कायदा हा फिरोज गांधी यांच्या अशाच खासगी विधेयकातून झाला. वृत्तपत्रांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे आहे. आजवर अशी १४ विधेयकेच कायदा होऊ शकली आणि १९७० नंतर एकही झाले नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

सभागृहात मंत्र्याने दिलेले आश्वासन हवेत विरू नये म्हणून आश्वासन समिती, सरकारने कायद्याखाली केलेले नियम तपासण्यासाठी उपविधान समिती, खर्चाची छाननी करण्यासाठी अंदाज समिती, या सर्व समित्या १९५० ते १९५३ या काळातल्या आहेत. सभागृहाला ज्या कामासाठी वेळ पुरणार नाही, ते काम समित्यांनी करावे, असा त्यामागचा विचार होता.

टीकेचे धनी

मावळणकरांचे सर्वच निर्णय विरोधकांना रुचले असे नाही. सर्वांत मोठा वाद झाला तो स्थगन प्रस्तावाचा. परकी सरकारविरुद्ध हे शस्त्र योग्य होते. पण आता सरकार सभागृहालाच जबाबदार आहे आणि त्याला जाब विचारण्याचे अन्य मार्ग उपलब्ध आहेत. म्हणून अत्यंत गंभीर आणि अपवादात्मक प्रसंगीच नेहमीचे काम बाजूला सारावे, अशी भूमिका त्यांनी घेतली. तर्कदृष्ट्या ती सुसंगत होती. परंतु मूठभर विरोधकांना आपले जुने साधन हातातून जात असल्याची जाणीव होणेही साहजिक होते. अल्पकालीन चर्चा आणि लक्षवेधी हे पर्याय याच पार्श्वभूमीवर पुढे आले.

दुसरा निर्णय आजही चर्चेत येतो. सभागृहाची गणपूर्ती होण्याइतके, म्हणजे एकूण सदस्यांच्या किमान एकदशांश संख्याबळ असल्याशिवाय एखाद्या गटाला संसदीय पक्ष म्हणून मान्यता देता येणार नाही, असे मावळणकरांनी ठरवले. त्या वेळी विरोधातील एकही पक्ष या कसोटीला उतरत नव्हता. परिणामी लोकसभेला अधिकृत विरोधी पक्षनेता मिळण्यासाठी १९६९ साल उजाडावे लागले. २०१४ आणि २०१९ मध्ये काँग्रेसला अनुक्रमे ४४ आणि ५२ जागा मिळाल्या, तेव्हा विरोधी पक्षनेतेपद रिक्त ठेवण्यासाठी याच एकदशांशाच्या दंडकाचा आधार घेतला गेला. विरोधकांना वेळ मिळावा म्हणून झटणाऱ्या सभापतींच्या एका निर्णयाचा उपयोग सहा दशकांनंतर असा झाला.

विरोधकांचा असंतोष १८ डिसेंबर १९५४ रोजी शिगेला पोहोचला. सभापती निःपक्षपाती राहिलेले नाहीत, असे म्हणत त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव बिहारमधील सदस्य विघ्नेश्वर मिसिर यांनी मांडला. लोकसभेच्या इतिहासातील अशा स्वरूपाचा हा पहिलाच ठराव. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी चर्चेत भाग घेऊन सभापतींची जोरदार पाठराखण केली. त्याच वेळी या विषयाकडे पक्ष म्हणून न पाहता सभागृहाचे सदस्य म्हणून पाहावे, असेही त्यांनी सुचवले. ठराव फेटाळला गेला. तथापि, ज्याच्या विरोधात ठराव आहे त्याच्याच सभागृहात तो ऐकला जातो, त्यावर सविस्तर बोलता येते, ही गोष्ट नवख्या लोकशाहीला शोभणारी होती.

सभापतीने पक्षीय राजकारणापासून दूर राहावे, हे मावळणकरांना मान्य होते. परंतु इंग्लंडप्रमाणे सभापतीला निवडणुकीत विरोध न करण्याचा संकेत भारतात रुजलेला नसताना पक्षाचा पूर्ण त्याग करणे व्यवहार्य नाही, असेही त्यांचे मत होते. आदर्श आणि व्यवहार यांतील हे अंतर त्यांनी लपवून ठेवले नाही. ते अंतर आजही मिटलेले नाही.

सरकारशी संघर्ष

विरोधकांनी मावळणकरांना सरकारधार्जिणे म्हटले खरे. पण सरकारला त्यांनी लिहिलेली पत्रे वेगळेच सांगतात. संसदेचे अधिवेशन नसताना वटहुकूम काढण्याचा अधिकार घटनेच्या १२३ व्या कलमाने दिला आहे. त्याचा वापर सरकार सढळ हाताने करू लागल्याचे पाहून १९५० मध्ये त्यांनी सरकारला पत्राद्वारे आपली नापसंती कळवली. वटहुकूम हा लोकशाहीला साजेसा मार्ग नाही, केवळ वेळ नाही या कारणासाठी तो काढता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता. संसदेत कायदे संमत होण्यास विलंब लागतो आणि महत्त्वाची कामे अडतात, ही नेहरूंची अडचण होती. १९५४ मध्ये मावळणकरांनी पंतप्रधानांना पुन्हा त्याच विषयावर लिहिले. वारंवार निघणाऱ्या वटहुकमांमुळे आपल्याला डावलले जात असल्याची भावना सभागृहात निर्माण होते आणि सरकारी खात्यांना वेळेवर विधेयके तयार न करण्याची सवय लागते, हा त्यांचा मुद्दा होता.

एखादे विधेयक वटहुकमाची जागा घेण्यासाठी आणले जात असेल, तर तातडीने कायदा का करावा लागला याचे निवेदन सोबत ठेवले पाहिजे, असा नियम लोकसभेत आहे. वटहुकूम मात्र थांबले नाहीत.

या संघर्षाचे मूळ आणखी खोल होते. सभागृह भरल्यानंतरच्या तासांची वाटणी करण्याचा अधिकार सभापती आणि समितीकडे आला. परंतु सभागृह भरवायचे केव्हा आणि किती दिवस, हा निर्णय सरकारच्याच हातात राहिला. घटनेच्या ८५ व्या कलमानुसार राष्ट्रपती अधिवेशन बोलावतात, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळ ते ठरवते. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू नये, एवढेच बंधन आहे.

यावर उपाय म्हणून १९५५ मध्ये लोकसभेच्या सर्वसाधारण प्रयोजन समितीने वर्षाचे पक्के वेळापत्रक सुचवले. अर्थसंकल्पी अधिवेशन १ फेब्रुवारी ते ७ मे, पावसाळी अधिवेशन १५ जुलै ते १५ सप्टेंबर आणि हिवाळी अधिवेशन ५ नोव्हेंबर किंवा दिवाळीनंतरचा चौथा दिवस, यांपैकी जो नंतर येईल त्या दिवसापासून २२ डिसेंबरपर्यंत. दिवाळीचा असा उल्लेख पाहिला म्हणजे हे वेळापत्रक किती व्यवहारी होते हे कळते. शाळेच्या दिनदर्शिकेप्रमाणे संसदेच्या तारखा आधीच ठरलेल्या असत्या, तर अधिवेशन पुढे ढकलणे किंवा अडचणीचा विषय टाळण्यासाठी ते आखडते घेणे सरकारला अवघड झाले असते. सरकारने तत्त्वतः संमती दिली. पण अंमलबजावणी कधीच झाली नाही.

अखेर आणि नंतर

हे वेळापत्रक कागदावर राहिले आणि मावळणकरांच्या हाती फार दिवस उरले नाहीत. १९५६ च्या आरंभी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, अहमदाबादेत त्यांचे निधन झाले. लोकसभेच्या पहिल्या पाच वर्षांचा कार्यकाळही तोवर संपला नव्हता. उपसभापती अनंतशयनम् अय्यंगार त्यांच्या जागी सभापती झाले. अहमदाबादच्या पोटनिवडणुकीत मावळणकरांच्या पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या. चिरंजीव पुरुषोत्तम मावळणकर हेही पुढे १९७२ आणि १९७७ मध्ये लोकसभेवर गेले. दिल्लीतील मावळणकर सभागृह त्यांच्या नावाने ओळखले जाते आणि नेहरूंनी दिलेली लोकसभेचे जनक ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली.

सभापतिपदावर पुढे शिवराज पाटील आणि मनोहर जोशी हे महाराष्ट्राचे नेते आले. त्यांच्या काळातही कामकाज सल्लागार समिती, प्रश्नोत्तराचा तास, लक्षवेधी, शुक्रवारचे खासगी कामकाज ही मावळणकरांनी घातलेली चौकट कायम होती. शून्य प्रहरासारखी नियमात नसलेली प्रथा तेवढी साठच्या दशकात तिच्यात येऊन मिळाली.

चौकट टिकली, पण तिच्यात भरायचे दिवस मात्र कमी होत गेले. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या. म्हणजे वर्षाला सरासरी १३५ दिवस सभागृह भरले. २०१९ ते २०२४ या काळातील सतराव्या लोकसभेच्या बैठका २७४ होत्या, म्हणजे वर्षाला सरासरी ५५. सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या साथीचे कारण देऊन पावसाळी अधिवेशनातून प्रश्नोत्तराचा तासच वगळण्यात आला. कार्यक्रमपत्रिकेतील एक ओळ काढून टाकली की सदस्यांचा कोणता हक्क थांबतो, हे त्या दिवसांत सर्वांनी पाहिले.

दिवस कमी झाले की तासांची वाटणी कितीही न्याय्य असली तरी प्रत्येकाच्या वाट्याला येणारा घास लहानच होतो. हे मावळणकरांनी १९५५ मध्येच ओळखले होते. तासांचा हिशेब ते पूर्ण करून गेले. दिवसांचा हिशेब अजून बाकी आहे. पुढच्या अधिवेशनाआधी कामकाज सल्लागार समितीची ती छोटी बातमी पुन्हा येईल. त्या वेळी पान उलटण्यापूर्वी त्यातील दिवसांचा आकडा तेवढा वाचावा.